शेवटच्या हातापर्यंत

पहिला घास चावतानाच चारुदत्तला कळलं की ही पोळी आपल्या बायकोने केलेली आहे. कळलं म्हणजे शंका आली, अंदाज बांधला, असलं काही नाही. आपल्या घराचा जिना जसा अंधारात पायाला कळतो तसं जिभेला कळलं. तो उभा होता आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमधल्या आपल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, हातात कागदी बशी, गळ्यात ओळखपत्र. समोर त्याची बॉस ओर्ला एका लाकडी खोक्यावर चढून सांगत होती की आजपासून ही कंपनी आपल्या पुरवठा साखळीतल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी घेणार आहे, अगदी शेवटच्या हातापर्यंत. हे ‘शेवटच्या हातापर्यंत’ चारुदत्तचंच. ते त्याला मराठीत सुचलं होतं आणि त्याने इंग्रजी करून दिलं होतं, पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कल्पना भाषांतरित आहे म्हटल्यावर तिचं बजेट कमी होतं. कंपनी हॉस्पिटलांना गाऊन, चादरी, हातमोजे पुरवायची. शिवणारे हात तिरुपूरला, धुणारे आणखी कुठे, गठ्ठे बांधणारे आणखी कुठे. क्लोनडॉकिनमधले हात कीबोर्डसाठी आणि असल्या प्रसंगी टाळ्यांसाठी. साखळीतल्या देशांचा सन्मान म्हणून आजचं जेवण साखळीतल्या देशांचं ठेवलं होतं. एका भांड्यात छोले होते, एकात कसलंसं गवती चहाचं सूप, आणि टोपलीत चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. टोपलीपुढे पाटी होती: ‘इंडियन फ्लॅटब्रेड’. सुलक्षणाच्या पोळीला फ्लॅट म्हणणारा माणूस कँटीनमध्ये मोकळा हिंडत होता आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

त्याने पोळी उलगडली. सुलक्षणाची पोळी घडीची. तेलाचं बोट फिरवायचं, पिठी भुरभुरायची, अर्धी दुमडायची, परत दुमडायची, आणि तो त्रिकोण लाटत लाटत गोल करायचा. ही झाली सगळ्या महाराष्ट्राची रीत. सुलक्षणाचं स्वतःचं म्हणजे पिठी तांदळाची, आणि तव्यावरून उतरलेली पोळी दोन्ही तळव्यांत धरून ती टाळी वाजवल्यासारखी एकदा हलकेच दाबते. पदर सुटतात आणि पोळीवर बारीक सुरकुत्यांची जाळी उठते. ती जाळी होती. तांदळाचा किंचित करपट वास होता. सगळं होतं, फक्त पोळी एका कडेला जाड होती. सुलक्षणाची कड जाड? लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या हातचं जेवताना चारुदत्तची आई, जी सहसा कुणाचं कौतुक करून आपली किंमत कमी करत नसे, म्हणाली होती की हिच्या पोळीला मध्य आणि कड कळत नाही. त्याने दुसरी पोळी उलगडली. तीही एका कडेला जाड. तिसरी उलगडली. फायनान्समधला डेक्लन शेजारून म्हणाला, “भूक लागली वाटतं, चार्ली?” चार्ली म्हणजे चारुदत्त, नावाचा उरलेला भाग विमानतळावर जप्त झाला होता. पोळ्या तिच्याच होत्या, पण सगळ्या एकाच पायाने लंगडत होत्या.

ओर्ला आता पडद्यावर चारुदत्तच्या स्लाइड दाखवत होती. हा कार्यक्रम मंजूर व्हायला दोन वर्षं लागली होती आणि शेवटी ज्या एका स्लाइडने तो मंजूर झाला ती हीच, वाकड्या शिवणीच्या फोटोची. कामगाराचं दुखणं मालात उतरतं. दुखऱ्या मनगटाने शिवलेली शिवण वाकडी जाते, वाकडी शिवण परत येते, परत आलेला माल नफा खातो. सबब मनगटावर केलेला खर्च हा खर्च नव्हे, गुंतवणूक. दया म्हणून मागितलं असतं तर बोर्डाने डोळे पुसून नाही म्हटलं असतं. गुंतवणूक म्हटल्यावर तिरुपूरला शिवणाऱ्या बायकांना टेकू असलेल्या खुर्च्या मिळाल्या, डोळे तपासून मिळाले, वर्षातून दोनदा मनगटं आणि पाठी बघायला एक बाई येऊ लागली. चारुदत्तला त्या खुर्च्यांचा अभिमान होता. माणसाने आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं तर टेकू, असं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. पडद्यावर ती वाकडी शिवण भिंतभर मोठी होऊन उभी होती, आणि त्याच्या बशीत तिचीच गव्हाची नक्कल पडली होती. लोक टाळ्या वाजवायला लागले. बशी खाली ठेवता येत नव्हती म्हणून त्याने मांडीवर एका हाताने वाजवली.

घरी जाताना एम-फिफ्टी हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या, जानेवारीचा पाऊस काचेवर पडतोय की नुसता लटकलाय ते कळत नव्हतं. आपल्याला नेमकं काय माहीत होतं, याचा तो शोध घेऊ लागला. सुलक्षणा पोळ्या करते हे माहीत होतं. ते राहायचे त्या ब्लँचर्डस्टाउनमध्ये एकटी राहणारी आयटीतली पोरं असतात, त्यांना पोळ्या लागतात, ती थोड्या करून देते. ‘थोड्या’ हा शब्द त्याचा. ‘तिचा वेळ जातो’ हे वाक्यही त्याचंच, पाहुण्यांसमोर म्हणायचं. मग दीडेक वर्षापूर्वी मयूर आला, मुंबईचा, केटरिंग करणारा, सगळ्या जगाला वहिनी म्हणणारा. त्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या. सकाळी चारुदत्त निघायचा तेव्हा कणकेची परात ओट्यावर असायची आणि संध्याकाळी यायचा तेव्हा ओटा लख्ख असायचा. मधल्या दिवसात काय होत असेल याची त्याने कधी कल्पना केली नव्हती, जशी कुणी दुपारच्या वेळी रिकाम्या देवळात काय चालत असेल याची करत नाही. आणि पहिली वर्षं? पहिली वर्षं तर ती कागदोपत्री काहीच करत नव्हती. तिच्या रहिवासाच्या कार्डावर काम करायची परवानगी नव्हती. ती ‘डिपेंडंट’ होती. नागपूर विद्यापीठाच्या टेबल टेनिस संघात खेळलेली, नंतर शाळेत मुलींना खेळ शिकवणारी बाई, इथे आल्यावर कुणीही विचारलं की नवऱ्याकडे बघायची आणि नवरा म्हणायचा, “शी इज ॲट होम.” परवानगी पुढे मिळाली, इथला पासपोर्टही मिळाला, पण उत्तर त्याच्या तोंडात बसलं ते बसलं.

तिला त्याने पहिल्यांदा बघितलं ते टेबलाशीच. मावसभावाबरोबर नागपूरला गेला होता, उन्हाळ्यात. हॉलमधले पंखे चेंडू हलतो म्हणून बंद केलेले, आणि घामाने थबथबलेली एक मुलगी बॅकहँड मारत होती. चारुदत्तला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने बघितलं ते मनगट. बाकीची ती स्थिर, नजरसुद्धा कंटाळल्यासारखी, आणि मनगट तेवढं सापासारखं जागं. पुढे बघायच्या कार्यक्रमात मोठ्यांनी दोघांना बोलायला म्हणून गच्चीत पाठवलं तेव्हा काय बोलावं सुचेना म्हणून तो म्हणाला होता, “तुमचं मनगट छान आहे.” ती म्हणाली होती, “एवढंच घेऊन जाणार का?” गाडी पुढे सरकली. त्याला एकदम आठवलं की सप्टेंबरपासून ती कम्युनिटी हॉलमध्ये मंगळवारी टेबल टेनिसला जात नाही. कंटाळा आला म्हणाली होती. त्याने म्हटलं होतं, बरं. आणि केस. ऑक्टोबरात तिने कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून टाकले, इतकी वर्षं जपलेले, आणि तो म्हणाला होता, छान दिसतेस, तरुण. ती हसली होती. वेणी घालायला हात मागे न्यावे लागतात, बोटांत पेड धरून पीळ द्यावा लागतो. चारुदत्तने वायपर जोरात केले. पाऊस तितका नव्हता.

तो घरात शिरला तेव्हा स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर होता आणि मयूर गरजत होता. “वहिनी, कत्तल! कत्तल केली आज तुमच्या पोळ्यांनी! त्या लोकांना आता दर गुरुवारी पाहिजेत. जमेल ना? तुम्ही नाही म्हणालात तर मी त्या रेडिमेड टाकीन आणि माझा नरकवास पक्का.”

“जमेल,” सुलक्षणा म्हणाली. “तू डाळीत साखर कमी घाल, नरकवास तसाही पक्का आहे.” तिने डाव्या हाताच्या बोटाने फोन बंद केला. डाव्या हाताच्या, हे चारुदत्तने बघितलं. आता तो सगळंच बघत होता.

“कोणती लोकं?”

“तुमचीच. बूट काढ आधी, ओले आहेत.”

“मला बोलली नाहीस.”

“बोलले असते तर तुला लाज वाटली असती की अभिमान, ते माझं ठरेना. लाज परवडली. अभिमान वाटला असता तर तू ऑफिसभर सांगत सुटला असतास, आणि मला तिथे साडी नेसून नमस्कार करायला उभं राहावं लागलं असतं.”

हे इतकं खरं होतं की त्याने बूट काढले. मग तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, “हात दाखव.”

“ज्योतिषी कधीपासून झालास?”

“सुलक्षणा, पोळी एका कडेला जाड होती.”

तिने पातेल्यातली आमटी ढवळली, तीही डाव्या हाताने, आणि ढवळणं इतकं सराईत होतं की हा डावा हात बऱ्याच दिवसांपासून कामावर घेतलेला दिसत होता. “मग खाल्लीस कशाला,” ती शेवटी म्हणाली. “जा, पानं घे.”

जेवताना त्याने आपल्या पानातली पोळी उलगडली आणि दिव्याखाली धरली. चौदा वर्षांची सानिका म्हणाली, “बाबा, व्हॉट आर यू अ‍ॅट?” तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते थेट ब्लँचर्डस्टाउनच्या बसस्टॉपवरून. पोळीला मध्य आणि कड कळत नव्हतं. सगळीकडे सारखी, पातळ, जुनी, बिनतक्रार. म्हणजे मग कँटीनची ती पोळी दुसऱ्या कुणाची? क्षणभर त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने आमटी वाढून घेतली. आणि मग आमटीचा घास घशात असताना त्याला कळलं: घरच्या पोळ्या ती पहिल्या करते. सकाळी हात ताजा असतो तेव्हा. जे काही त्या मनगटात उरलेलं आहे ते आधी इथे, या तीन पानांत वाढलं जातं. दुखायला लागल्यानंतरच्या पोळ्या जगासाठी. रोज, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या तोंडात, आणि त्याला चव लागली नव्हती, कारण त्या चवीत कमी काहीच नव्हतं. त्याला त्या पोळीचा पुढचा घास मोडवेना. “आवडली नाही का?” सुलक्षणाने विचारलं. “आवडली,” तो म्हणाला, आणि खाल्ली. न खाणं हा आणखी मोठा अपमान झाला असता.

पुढचे काही आठवडे चारुदत्तने तेच केलं जे तो नोकरीत करायचा. दुखऱ्या हातांना बांधायचा पट्टा ऑफिसच्या नमुन्यांच्या खोक्यातून घरी आणला. सुलक्षणाने तो न्याहाळला, शिवण चांगली आहे म्हणाली आणि प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेतल्या कपाटात, दिवाळीच्या पणत्यांशेजारी ठेवून दिला. त्याने ओट्याची उंची मापली. त्याने पोळ्या लाटायच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला, ती म्हणाली, “याच्याशी लग्न कर.” कंपनीच्या विम्यात घरच्यांनाही फिजिओथेरपी मिळत होती, त्याचं पत्रक त्याने स्वतः मंजूर केलेलं, ते त्याने टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कढईचा गोल डाग होता. एका रविवारी मात्र तो सरळ बोलला. म्हणाला, हे बघ, तू आमच्या साखळीत येतेस. आम्ही केटररला कंत्राट देतो, केटरर तुला. म्हणजे कार्यक्रमात तू बसतेस. मी ओर्लाशी बोलतो.

“मला नको बसवू कुठे.” ती भाजी निवडत होती, मेथी, एकेक पान, ते काम त्या हाताला चालायचं. “तिरुपूरच्या बायकांना खुर्च्या दिल्यास ना, त्यांना विचारलं होतंस का कसं आहे म्हणून?”

“विचारलं होतं. प्रत्येकीला.”

“काय म्हणाल्या?”

“छान आहे म्हणाल्या.”

“मग? मीपण छान आहे.”

“तुझं मनगट सुजलंय. तुला बरणी उघडत नाही, सानिका उघडते. केटल तू अर्धीच भरतेस. डॉक्टरकडे चल, एवढंच म्हणतोय मी.”

सुलक्षणाने मेथीची काडी खाली ठेवली. “डॉक्टर काय म्हणेल? बंद करा म्हणेल. आणि तू म्हणशील, बघ, बंद कर, आपल्याला काय गरज आहे. आणि खरंच काही गरज नाहीये रे, हेच तर आहे. तुमच्या त्या बायकांना बंद कर म्हटलं तर घरात चूल पेटणार नाही, म्हणून कुणी म्हणत नाही, खुर्ची देतात. मला खुर्ची मिळणार नाही. मला आराम मिळेल.” हा शब्द तिने असा उच्चारला की जणू तो कुठल्या तरी थंड खोलीचा पत्ता होता, जिथे ती पूर्वी राहून आली होती. चारुदत्तला ती खोली आठवली. पहिला फ्लॅट, दुपारी चारला होणारा अंधार, तो परत यायचा तेव्हा ती खिडकीशी उभी असायची आणि म्हणायची, आज पोस्टमन दोनदा आला. त्याला ते तेव्हा गमतीचं वाटायचं. त्याने ऑफिसात सांगितलंही होतं. लोक हसले होते. रेझिलिअन्स या विषयावर तो वर्षाला चार कार्यशाळा घेत असे आणि तिथे पहिल्याच स्लाइडवर लिहिलेलं असे की माणसाला तग धरायला कारण लागतं. मेथीची काडी त्याने उचलली आणि तिची पानं खुडू लागला. चुकीची खुडली. तिने मुकाट्याने परत निवडली.

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ आलं. आयर्लंडात बर्फ येणं म्हणजे पुण्यात वेळेवर गटार साफ होणं. लोकांना काय करावं सुचत नाही. सरकारने लाल इशारा दिला, शाळा बंद, बस बंद, ऑफिस बंद, आणि सगळा देश दुकानांत जाऊन पाव घेऊन आला. दूध राहिलं, बटाटे राहिले, पाव तेवढा संपला. टीव्हीवर रिकामी फडताळं दाखवत होते, जणू युद्ध झालंय आणि शत्रूने फक्त कापलेला पाव लुटलाय. मयूरने सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या. दोन दिवस सुलक्षणाच्या हाताला काम नव्हतं, आणि चारुदत्तने मनात हवामानखात्याचे आभार मानले. जे त्याला गुंतवणुकीने जमलं नाही ते सैबेरियाच्या वाऱ्याने फुकट केलं होतं. सुलक्षणा मात्र खिडकीशी उभी राहायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बर्नीने दार वाजवलं. बर्नी सत्तरीची, नवऱ्याच्या जुन्या कोटात, पायांत दोन वेगळे बूट. “तुमच्याकडे पावाचा एखादा तुकडा असेल का गं? दुकानातला तो बाबा म्हणतो सोमवारपर्यंत नाही. मी दोन दिवस बिस्किटांवर आहे, आता माझंच बिस्किट झालंय.”

“पाव नाही,” सुलक्षणा म्हणाली, आणि तिचा चेहरा गेल्या दोन दिवसांत झाला नव्हता असा झाला. “पण बसा तुम्ही.”

तिने कणीक काढली. चारुदत्त म्हणाला, अगं राहू दे, मी भात लावतो. बर्नी म्हणाली, भातही चालेल, मी काही राजवाड्यातली नाही. सुलक्षणाने ऐकलंच नाही. पहिली पोळी नीट झाली. दुसरीला तिने ओठ आवळले. तिसरीच्या मध्यावर तिची बोटं उघडली, आपण होऊन, जणू कुणी त्यांना सांगितलं की आता पुरे. लाटणं सुटलं, ओट्यावरून गडगडत फरशीवर पडलं आणि बर्नीच्या एका वेगळ्या बुटाशी जाऊन थांबलं. सानिका दारात आली होती. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा चारुदत्तने शेगडी बंद केली.

बर्नीने लाटणं उचललं आणि सुलक्षणाचा हात, न विचारता, आपल्या दोन्ही हातांत घेतला. “हे तर पार कामातून गेलंय, बाळा.”

“आय ॲम ग्रँड,” सुलक्षणा म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत मी छान आहे.

“नाहीयेस तू ग्रँड. बघ.” बर्नीने आपल्या बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांवर आतल्या बाजूला एकेक पांढुरकी रेघ होती. “एका लाँड्रीत इस्त्री करायचे, हॉटेलांच्या चादरी. शेवटी कप धरता येईना. ब्युमॉन्ट हॉस्पिटलात जाऊन एका हाताचं ऑपरेशन करून घेतलं, मग दुसऱ्याचं.”

“आणि मग घरी बसलात?” सुलक्षणाने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा, पण चारुदत्तला त्या आवाजात तिचं सगळं वजन पडलेलं ऐकू आलं.

“घरी? माझ्या नवऱ्याबरोबर?” बर्नी हसली. “देवा रे. परत गेले की इस्त्रीला. आणखी अकरा वर्षं केली. कमी, जपून, बरोबर एक पोरगी ठेवून घेतली होती. पण केली.”

उरलेल्या पोळ्या सानिकाने आणि चारुदत्तने मिळून लाटल्या. त्या पोळ्यांचे आकार देशोदेशींचे होते. “यू आर आफ्टर मेकिंग ऑस्ट्रेलिया, बाबा,” सानिका आपल्या बसस्टॉपच्या इंग्रजीत म्हणाली, आणि सुलक्षणा खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बर्नीने लोणी लावून ऑस्ट्रेलिया खाल्ला आणि बरा आहे म्हणाली. ती गेल्यावर सुलक्षणाने विचारलं, त्याच्याकडे न बघता, “ते विम्याचं पत्रक कुठे गेलं?” चारुदत्तच्या तोंडाशी ओर्लाच्या भाषेतली पाचसहा वाक्यं आली. ती त्याने गिळली. “कढईखाली असेल,” तो म्हणाला.

बर्फ वितळून रस्त्यांच्या कडेला राखाडी ढिगारे उरले होते त्या आठवड्यात दोघं ब्लँचर्डस्टाउनच्या शॉपिंग सेंटरमागच्या क्लिनिकमध्ये गेले. फिजिओथेरपिस्ट ईफा नावाची, सानिकाहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी, केस डोक्यावर गाठ मारून बांधलेले. तिने दोघांना बसायला सांगितलं, सुलक्षणाचं नाव दोनदा विचारून तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं, आणि म्हणाली, “बरं, तर तुम्ही स्वतः काय काम करता?”

चारुदत्तचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं ते उत्तर दाराशी चपला घालून तयारच उभं होतं. त्याने तोंड मिटलं, पण मिटताना आवाज झाला, आणि सुलक्षणाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. टेबलाच्या पलीकडून चेंडू येण्याआधी खेळाडू जागेचा अंदाज घेतो तसं काहीसं होतं.

“तू जरा बाहेर बस,” ती म्हणाली.

“मी? अगं, पण तिला ते आधीचं सगळं नीट...”

“बाहेर बस रे.”

तो बाहेर आला. दार त्याच्यामागे हलकेच लागलं. बोळात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर कातडी काढलेल्या हाताचं चित्र, तांबड्या-निळ्या दोऱ्यांचं. तो बसला नाही. आतून ईफाचा आवाज आला, मग शांतता, मग सुलक्षणाचा. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. तिचं इंग्रजी त्याला पाठ होतं. दुकानातलं माफी मागणारं एक होतं, सानिकाच्या शिक्षकांशी बोलायचं इस्त्री केलेलं एक. हे त्यातलं नव्हतं. हे थांबत नव्हतं. शब्द अडला की ती तो सोडून पुढे जात होती, एकदा हसली, मग पुन्हा सलग, दम न घेता, जणू दीड वर्षाच्या सगळ्या सकाळी ती एकामागून एक तव्यावरून उतरवून ठेवत होती. मग ईफाने काहीतरी केलं असावं, कारण आतून एकदम आलं, “आई गं!” मोठ्याने, मराठीत, कुणाचीही भीड न धरता. चारुदत्त दाराकडे दोन पावलं गेला आणि थांबला. तिरुपूरच्या त्या हॉलमध्ये तो बायकांना कसं आहे म्हणून विचारत फिरत होता तेव्हा सुपरवायझर बरोबर होता, भला माणूस, गोड हसणारा. प्रत्येक मशीनपाशी तो फक्त उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून, आणि बायका त्याच्याकडे बघून म्हणायच्या, छान आहे. चारुदत्त आपल्या हातांकडे बघायला गेला तर ते समोर नव्हते. ते पाठीमागे बांधलेले होते. त्याने ते सोडवले, आणि मग कुठे ठेवावेत ते न कळून खुर्चीवर बसला. आत ती बोलत होती. ती जे सांगत होती ते त्याला कधी कळणार नव्हतं, आणि ते सांगितलं जात होतं. त्याला वाटलं, हे असंच चालू राहावं, संध्याकाळ झाली तरी.

दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पट्टा होता, पणत्यांशेजारच्या त्या पट्ट्याहून साधा. तिचा चेहरा खूप रडून किंवा खूप खेळून आल्यावर होतो तसा होता.

“काय म्हणाली?”

“सध्या लाटायचं नाही. दीडेक महिना. तपासण्या करायच्या, मग ऑपरेशनचं बघू म्हणाली. मग परत करता येईल. कमी, आणि कुणाला तरी हाताशी घेऊन.” ती थांबली. “करता येईल म्हणाली.”

“आणि मयूर?”

“मयूरला मी सांगीन. तू नाही. ओर्लालासुद्धा नाही.”

“नाही.”

“तो थयथयाट करेल.”

“करू दे.”

ती बोळातून पुढे निघाली. बाहेरच्या काचेच्या दारापाशी वारा फटींतून शीळ घालत होता. तिने कोट अंगावर घेतलेला होता, बाह्या घातल्या होत्या, पण पुढून तो उघडा होता, झिपची साखळी खाली लोंबत. एरवी ती पुढे होऊन, पाठ करून, कशीबशी ती लावून घ्यायची; किती दिवस, कोण जाणे. आज ती दाराशी थांबली, वळली, आणि त्याच्यासमोर उभी राहून लहान मुलासारखी हनुवटी जराशी वर केली.

“खूप दुखतंय रे,” ती म्हणाली. “लाव.”

तो वाकला. थंडीने त्याची बोटं बधिर झाली होती आणि खालची ती बारीक टोकं एकमेकांत बसेनात. ती थांबली. त्याने पुन्हा केलं.